देवाला विचारलं, तिला नाही

सोमवार, दिवेलागण

आज गुरवाकडून देवाला कौल लावून घेतला. माझी सायली बारावीत, फोन उशाखाली घेऊन झोपते. कुणी पोरगा आहे का? देवाला चिकटवलेलं फूल उजवीकडून पडलं. म्हणजे होय. घरी येऊन तिच्यावर खेकसले.

ती म्हणाली, "देवाक इचारलंस आये, माका कित्याक नाय इचारलंस?"

माझ्या थोरल्या ताईच्या वेळीही फूल उजवंच पडलं होतं. तिला सारख्या ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून आईने कौल लावला, बाधा आहे का. देव होय म्हणाला. आम्ही अंगारा लावत बसलो आणि तिच्या पोटात मूल होतं. लपून कसलंसं झाडपाल्याचं औषध प्याली आणि गेली.

साफ करायला घेतलेले मासे तसेच टाकून सायलीजवळ बसले. विचारलं.

"कॉलेजातलो आसा. नको तसले फोटो मागता. नाय म्हटलंय तर रुसता."

हात उचलणारच होते. म्हटलं, "ज्येका तुझा 'नाय' चलणा नाय, त्येका 'होय' कित्याक देतंस? आणि काय पण झाला तर पयला माझ्याकडे ये. मिया मारूचंय नाय."

रडली पोरगी. मी खरंच नाही ना मारणार?

ताई डोळ्यासमोरून हलत नाही. फूल पडलं तेव्हा ती देवळाच्या पायरीवर बसली होती, आमच्यापासून दहा पावलांवर. बाहेर येऊन तिला कुणी विचारलं नाही. मी तर रोज तिच्या अंथरुणात झोपायचे. मीही नाही.