हात धरण्याचं कारण

९ ऑगस्ट, दुपार

ताई, नमस्कार.

इकडे सगळं ठीक, निदान दुपारी तरी. तुझा गुडघा कसा आहे? तुझी भावजय सध्या माझ्यावर खूश आहे. संध्याकाळी बाजारातून परतताना मी तिचा हात धरतो. शेजारीण म्हणाली, "भाऊजींना या वयात बरं सुचलं!" ही लाजली. मीही हसून घेतलं.

दिवेलागणीनंतर मला रस्ता दिसत नाही, ताई.

लिफ्टदुरुस्तीत खालच्या खड्ड्यात उतरायचं काम मी कामावरच्या जोडीदारावर ढकललंय. कंबर धरलीय म्हणून सांगितलं. रातांधळेपणा म्हणजे अ जीवनसत्त्व कमी, हे वाचून माहीत होतंच. गोळ्या आणल्या. तू फोनवर म्हणालीस, "अरे शहाण्या, आधी रक्त तपास." मी म्हटलं, तू औषधं विकतेस, मी वाचतो. फोन आपटला आणि गोळ्या दुप्पट केल्या.

शेवटी रक्त तपासलं. जीवनसत्त्व कमीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते यकृतात साठतं, पण रक्तात एकटं निघत नाही. यकृतानेच बनवलेलं एक प्रथिन त्याला वाहून नेतं, आणि तेच कमी पडलंय. गोदामात माल असेल, पण गाडी नाही. मी लगेच ऐकवलं, की तापात ते प्रथिन घटतं, जस्त कमी पडलं तरी घटतं, आणि मला ताप येऊन गेलाय. "बरोबर," बाई म्हणाल्या, "पण ताप जाऊन दीड महिना झाला, जस्तही ठीक आहे. आता यकृत बघू. त्या गोळ्या आजच बंद करा. जास्त झाल्या की यकृतालाच बाधतात."

यकृत म्हटल्याबरोबर बाबांचे डोळे आठवले. तो पिवळेपणा. तुलाही आठवला असेल, म्हणून पुढे लिहीत नाही. बाबांचं दुखणं आपसूक आलं होतं. माझं मी कदाचित त्या गोळ्यांतून पाण्याबरोबर गिळलंय.

घरी बोललो नाही. काल परतताना दाराशी ही हळूच म्हणाली, "उंबरठा." एवढंच. इतक्या वर्षांत तिने तो मला कधी सांगितला नव्हता. हातही सोडला नाही. मग जेवताना आम्ही दोघं गळक्या नळावरच बोलत राहिलो.

गुरुवारी सकाळी सोनोग्राफी आहे. तू ये. भांडायला ये हवं तर. तू शेजारी नसलीस तर मी पुन्हा बाईंनाच शिकवत बसेन, आणि त्या काय सांगतात ते ऐकूच येणार नाही.

ऊन खिडकीतून सरकतंय. अक्षर दिसतंय तोवर सही करतो.

तुझा,
शहाणा