जगन, मंदाकिनी आणि पर्यायी पालक

४ जानेवारी २०२५, शनिवार

मांजर पाळायचं ठरवलं. एक. कारण: ओट्याखाली उंदराच्या लेंड्या, दोन वेळा. घरात आवाज नसतो, हे कारण नाही. आवाज नसणं मला चालतं.

शीळफाट्याच्या पुढे एक शेल्टर आहे, तिथे गेले. ते चालवणारी भावना माझ्याच वयाची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. म्हणजे तिला मांजरं हाताळता येत नाहीत. मी एका करड्या बोक्याकडे बोट दाखवलं, हा द्या म्हटलं. ती म्हणाली, अगं तो एकटा नाही मिळणार, जोडी आहे ती. जगन आणि मंदाकिनी. कल्याणच्या एका आजींकडे होती, आजी वारल्या, नावं त्यांचीच. भाऊ-बहीण की नवरा-बायको, कोणाला माहीत नाही. दोघांची ऑपरेशनं झाली आहेत, त्यामुळे फरक पडत नाही. वेगळं ठेवलं की जगन खाणं सोडतो आणि मंदाकिनी माणसांना फोडून काढते.

अट: एकवीस दिवसांची ट्रायल. २५ तारखेला भावना घरी येऊन बघणार. दोघं एकत्र नांदत असली तर कागद पक्का. नाहीतर दोघं परत. एक ठेवते, एक न्या, असं चालणार नाही. हे तिने तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

फॉर्मवर पर्यायी पालकाचं नाव लागतं, म्हणजे मला काही झालं तर मांजरं कोण बघणार. समीक्षाचा नंबर लिहिला. बहीण आहे आणि नंबर पाठ आहे, एवढंच. तिला कळवायची गरज नाही.

मी मानपाड्याच्या एका लॅबमध्ये प्रेशर गेज तपासते. रोज असल्या दाबाशी काम असतं की चुकलं तर माणूस भिंतीला चिकटेल. दोन मांजरांचं वजन मिळून सात किलो आहे.

५ जानेवारी, रविवार

नावं बदलली. जगन म्हणजे ए, मंदाकिनी म्हणजे बी. जनावरांना माणसांची नावं दिली की अपेक्षा वाढतात.

सकाळी ८.१०. ए पलंगाखाली. बी पलंगाखाली.
८.२५. हात घातला.
८.२५. हात काढला. चार छिद्रं, खोली अंदाजे तीन मिलिमीटर.

दवाखान्यात नर्सने विचारलं, पाळलेलं की रस्त्यावरचं. म्हटलं, कालपासून पाळलेलं. तिला हसू आलं. पुढची इंजेक्शनं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावले. सगळं नियंत्रणात.

८ जानेवारी, बुधवार

प्रगती. दोघं एका ताटलीत खातात, एकमेकांचे कान चाटतात, एकाच गोळ्यात झोपतात. हल्लासुद्धा एकत्र करतात: ए समोरून येतो, मी खाली बघते, बी कपाटावरून मानेवर. माझ्या लॅबमधल्या कुठल्याच दोन माणसांत एवढा समन्वय नाही. पडदा उभा फाटला. पायावर सात ओरखडे, मानेवर दोन.

खालच्या मजल्यावरच्या कलावती काकू वर आल्या. काय गं अमृता, कोणाला मारतेस काय? म्हटलं, मी नाही, मला मारतायत. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, मला वाटलं समीक्षा आली.

नोंद असावी म्हणून: समीक्षा गेल्या फेब्रुवारीत आलेली, लग्नानंतर पहिल्यांदा राहायला. केसांना कुठल्यातरी दुसऱ्याच तेलाचा वास. चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, आमच्याकडे एवढी साखर नसते. आमच्याकडे म्हणजे ठाण्याला, टेंभी नाक्यावर. सव्वीस वर्षं आमच्याकडे म्हणजे इथे होतं. मी पोह्यांचा स्टीलचा डबा फेकला. अंतर दोन मीटर. तिला लागला नाही, भिंतीला लागला. नंतर तिचे फोन यायचे, मी उचलले नाहीत. आता महिन्यातून एखादा येतो. विषय बंद.

११ जानेवारी, शनिवार

एच्या डोळ्यातून पाणी येतंय. डॉक्टरकडे नेलं. फक्त एला. लॅबची पद्धतच अशी आहे: दोन सारखी मीटर असली तर एक तपासायला पाठवायचं, दुसरं जागेवर ठेवायचं. तुलनेला काहीतरी न हललेलं लागतं. भावनाने दोघांना वेगळं करू नका म्हणून सांगितलं होतं, पण दोन तासांना वेगळं करणं म्हणत नाहीत.

डॉक्टरांनी डोळा पुसला, थेंब दिले, टेबलावर फिनेल मारलं. ए शहाण्यासारखा बसून होता.

संध्याकाळी ५.३०. घरी आले, बास्केट उघडली. बी जवळ आली. एचं डोकं हुंगलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त बेअरिंग जळताना ऐकलाय. मग तिने त्याच्या तोंडावर झेप घेतली. दोघं एकमेकांना मिठी मारून मागच्या पायांनी पोट फाडत होती. केसांचे पुंजके पंख्यापर्यंत. एचा कान चिरला. मी मध्ये हात घातला. डावा. मग सोडवायला उजवा.

शेवटी झाडूने एला बेडरूममध्ये ढकलून दार लावलं. भिंतीवर रक्त, स्विचबोर्डच्या उंचीपर्यंत. कोणाचं किती, सांगता येणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

दोन्ही हातांना बँडेज, त्यामुळे एका बोटाने लिहितेय. बी दिवसभर बंद दाराला धडका देतेय. ए आत पलंगाखाली, काही खात नाही.

निष्कर्ष: ही जोडी नाहीच. शेल्टरने नीट न तपासता शिक्का मारला. दोन पानी रिपोर्ट तयार केला, फोटो जोडले, भावनाला मेल केला. एक युनिट परत घ्यावं. कुठलं, ते मी शुक्रवारपर्यंत कळवीन.

१४ जानेवारी, मंगळवार

भावनाचा फोन. रिपोर्ट छान आहे म्हणाली, मग म्हणाली, एक नाही, दोन्ही. नाहीतर दोन्ही ठेव. एकोणीसला गाडी पाठवते. ठीक आहे म्हटलं. मला काही फरक पडत नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, नियमाप्रमाणे पर्यायी पालकांना कळवावं लागेल हं. मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, कळवलंसुद्धा.

कलावती काकू तिळगूळ घेऊन आल्या. दार उघडलं तशी बी त्यांच्या साडीवर चढली, खांद्यापर्यंत. काकूंनी वाटीने दोन तडाखे हाणले. तिळगूळ घे इतकं म्हणून झालं होतं, गोड बोल हा भाग राहून गेला.

१६ जानेवारी, गुरुवार

जगनने पाच दिवसांत चार चमचे खाल्लं. त्याला जगन लिहिलं, कारण ए म्हटल्यावर तो डोळेही उघडत नाही.

योजना: नियंत्रित भेट. लॅबमधून वेल्डिंगचे हातमोजे आणले. मध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा ठेवला. दार चार इंच उघडणार, तीस सेकंद निरीक्षण, बंद. यशाची शक्यता ऐंशी टक्के.

नवव्या सेकंदाला मंदाकिनी स्टँडवरून. जगन माझ्या डोक्यावर. ती त्याच्या मागे माझ्या डोक्यावर. हातमोजे हातांना होते.

टाळूला तीन टाके. नर्स आता नावाने ओळखते.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या दोघांना द्यायचं. शेल्टरला फोन करून गाडी नऊऐवजी बाराला पाठवा म्हणून सांगितलं, ट्रॅफिक असतो. मग त्यांची बास्केट शोधली. सापडली नाही. वॉशिंग मशीनवर होती, तिथे शोधली नाही.

जगनच्या तोंडाशी बोटाने दही लावलं. चाटलं नाही. चावलासुद्धा नाही. चावला असता तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी १०.०५. बेल. वाटलं गाडी लवकर आली. दारात समीक्षा, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट तिने आत येऊनही काढलं नाही. स्कूटरवरून आली म्हणून की माझ्यामुळे, ते मी विचारलं नाही.

माझ्याकडे बघून म्हणाली, अगं काय हे, कोणी केलं? म्हटलं, मांजरांनी. ती म्हणाली, बरं, तुला मारणारं कोणीतरी भेटलं म्हणायचं.

सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशी एकट्यालाच नेलेलंस? मग बरोबर आहे. दवाखान्याचा वास घेऊन आला तो. तिला वाटलं कोणीतरी परका घुसला. भावनाने पाठवलेल्या फॉर्मच्या मागे छापलेलं आहे हे. मी पुढची बाजू वाचली होती.

मी म्हटलं, आपल्याच माणसावर निव्वळ वासावरून कोणी एवढं करतं का. ती हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, डबा कुठे लागलेला गं भिंतीला? दाखव.

खड्डा दाखवला.

मग तिने कपाट उघडून स्वतःची जुनी ओढणी काढली. ती कपाटात होती कारण जागा रिकामी होती. ओढणीने मंदाकिनीला पुसलं, मग त्याच ओढणीने जगनला, मग परत मंदाकिनीला. दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन बाजूंना ठेवल्या. दार बंद. जगनने अकरा वाजता पहिला घास घेतला. शेल्टरची गाडी आली तेव्हा समीक्षाने खिडकीतून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, जा रे दादा, चुकून बोलावलं.

ती राहणार आहे म्हणाली. मांजरांसाठी.

२२ जानेवारी, बुधवार

दार रोज थोडं जास्त उघडतो. काल फक्त गुरगुर. आज मंदाकिनीने जगनचा चिरलेला कान हुंगला, पंजा उचलला, आणि चाटलं. समीक्षा रडली. मी सांगितलं की एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही. मग मी हातमोजे शोधायला बाथरूममध्ये गेले. वेळ: वीस मिनिटं.

चहा समीक्षाने केला. साखर अर्धा चमचा. घशाखाली उतरवला.

२५ जानेवारी, शनिवार

भावना ११ वाजता आली. तयारी होती: फाईल, वजनाचे आकडे, लसींच्या तारखा, पडदा बदललेला. कागद आज माझ्या नावावर होणार, याबद्दल शंका नव्हती.

जगन आणि मंदाकिनी समीक्षाच्या मांडीवर, एका गोळ्यात. भावना म्हणाली, वा. मग मला म्हणाली, आता तू घे बरं. मी घेतलं. दोन मिनिटांनी भावनानेच कापूस मागितला.

तिने फाईल उघडली नाही. समीक्षाला विचारलं, नेणार का तुझ्याकडे? समीक्षा म्हणाली, आमच्याकडे सासऱ्यांचा कुत्रा आहे. 'आमच्याकडे' म्हणताना थांबली, माझ्या हातात काय आहे ते बघितलं. कापूस होता.

तर कागद असा झाला. पालक: समीक्षा, दर शनिवारी येणार. मांजरांचा मुक्काम: इथेच. पर्यायी पालक: मी. खाली भावनाने पेनने एक ओळ घातली, पर्यायी पालकाने पालकाचा फोन उचललाच पाहिजे. ही ओळ छापील फॉर्मवर नव्हती. दोन्ही बाजू तपासल्या. तिला हे कोणी सुचवलं, ते विचारलं नाही.

समीक्षा चारला निघाली. चेपलेल्या डब्यात मांजरांचं खाणं भरून ठेवलंय.

७.४०. फोन. पाचव्या रिंगला उचलला. उशीर झाला कारण मंदाकिनी हातावर होती, दातांनी. विचारलं, काय झालं. समीक्षा म्हणाली, काही नाही गं, टेस्टिंग.