खालचा ध

१२ ऑक्टोबर १९९७
डोकं फिरलंय आज!

दुपारी कमळू दुकानात आला. सिद्धगडाच्या पायथ्याचा. गडावर येणाऱ्या पोरांना वाट दाखवतो, त्यातल्याच कुणी मुंबईवाल्याने दोन वर्षांपूर्वी त्याला एक छोटा बाजा दिला होता. माउथऑर्गनच, पण फुंकायची घरं दहाच. तोच मुंबईवाला परवा पुन्हा आला आणि एक कॅसेट देऊन गेला. वर पेनने लिहिलंय — ब्लूज. कसलंसं इंग्रजी संगीत. कमळूच्या गावात अजून लाईट नाही, टेप कुठून असणार? म्हणून स्वारी मुरबाडला, माझ्याकडे.

"अनिलदा, लाव ना. यात बाजा हाय म्हनं."

लावली. कोण वाजवतोय देव जाणे. सूर धरतो, तो खाली वाकवतो आणि वाकलेला असतानाच शेजारशेजारच्या दोन घरांत असा काही थरथरवतो की हातातलं काम सुटतं. मी कॅसेटा भरून विकणारा माणूस, असलं कधी ऐकलं नव्हतं.

कमळू ऐकून हसायलाच लागला. "आयला, हा पन तसाच करतो!" आणि खिशातून बाजा काढून त्याने ते वाजवलं. हुबेहूब.

हा पण तसाच करतो! म्हणजे साहेब आधी, आणि तो कॅसेटवाला यांच्या मागून! केवढी ही मिजास!

आणि नेमके धोंडीमामा तेव्हा काउंटरला टेकून उभे. हळदीला वाजवणाऱ्या आमच्या पार्टीचे मालक. सात वर्षं मी त्यांच्याकडे बाजा वाजवतोय. तर म्हणतात कसे, "ह्याला घेऊ रे आपल्यात!"

१३ ऑक्टोबर
सकाळपासून बाजा तोंडाला लावून श्वास ओढतोय. सूर वाकत नाही.

१९ ऑक्टोबर
नाहीच वाकत. ओठ सोलले. स्नेहल भाकरी थापता थापता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं!" माझी बायको आहे की त्याची बहीण?

माझा बाजा चोवीस घरांचा. एकेका सुराला दोन-दोन पितळी पत्त्या, सुरात जरा वरखाली लावलेल्या, त्यामुळे आवाज आपोआप थरथरतो. लग्न ठरलं तेव्हा हीच बाई त्या थरथरीवर भाळली होती. आता अंगण वाकडं!

४ नोव्हेंबर
कमळूला विचारलं. सहज विचारल्यासारखं. तर लगेच म्हणाला, "तुझ्या बाजात नाय व्हायचं ते. दोन पत्त्या हायत ना! एक वाकल, दुसरी नाय वाकायची."

थाप! मला सात वर्षांत कळलं नाही ते याला कळलं? सांगायचं नसेल तर सरळ नाही म्हण. वर स्वतःचा बाजा पुढे केला. "माझ्यावर कर. आधी वाकव. जबडा तसाच धर, आन मंग हळूच मान हलव. खालचं घर सांभाळ, वरचं आपसूक येतं."

म्हटलं, राहू दे, दुसऱ्याचा उष्टा बाजा मी तोंडाला लावत नाही. खरं तर हात शिवशिवत होता.

२४ नोव्हेंबर
काल आसनगावला हळद. तुळशीचं लग्न झाल्यापासून सुपाऱ्यांवर सुपाऱ्या. मी चार गाणी वाजवली, बाया नाचल्या, नवरदेवाच्या आत्याने ओवाळणी टाकली. सगळं नेहमीसारखं. मग मामांनी कमळूला पुढे केला. त्याने गाणंसुद्धा धड वाजवलं नाही! नुसता एक सूर वाकवला आणि थरथरवत ठेवला. बेंजोवाला हात थांबवून बघत बसला. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "परत वाजव रं पोरा."

मला सात वर्षांत कुणी परत वाजव म्हटलं नाही. नाचायचं असतं तेव्हा मी लागतो. ऐकायचं असलं की तो.

जळतोय मी. इथे लिहायला काय जातं? जळतोय.

२५ नोव्हेंबर
स्नेहल भांडी घासताना गुणगुणत होती. ती थरथर. त्याची. मी जेवलो नाही.

७ डिसेंबर
मामांनी सांगून टाकलं. म्हशाच्या जत्रेत स्टेज मिळालंय. पाच गावची माणसं, बैलबाजार, सगळा तालुका लोटणार. "पन अन्या, तिथं दोन बाजे नाय झेपायचे. माइक एकच हाय. एकालाच उभा करनार."

कुणाला, ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

१५ डिसेंबर
देव आहे!

कमळूचा बाजा बिघडला. पाचव्या घराचा सूर बसला. इतका वाकवला, इतका वाकवला की पत्ती थकली. चौथं आणि पाचवं, ह्या दोनच घरांवर त्याची सगळी ऐट. आणि कुणाकडे आला? माझ्याकडे. "अनिलदा, तुला उघडता येतं ना? जत्रेच्या आधी व्हईल?"

बघतो म्हटलं.

१६ डिसेंबर
दुपारी शटर अर्धं ओढून त्याचा बाजा तोंडाला लावला. धुतला आधी.

पहिल्याच ओढीत वाकला! तिसऱ्या घरावर. जीभ जरा मागे, जबडा खाली — आणि सूर उतरला, विहिरीत दोर सोडावा तसा. दोन महिने ओठ सोलून घेतले ते फुकट. माझ्या बाजात ते होणारच नव्हतं. कमळू खरं बोलला होता.

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. राग धरायला काहीतरी राहिलं असतं.

१८ डिसेंबर
एक गंमत. ह्याच्या बाजात खालच्या अंगाला म नाही आणि ध नाही! घरंच नाहीत त्यांची. सा रे ग, मग एकदम प, मग नी. अर्धवट वस्तू! खालचा ध हवा असेल तर नी ओढून ओढून खाली आणायचा. माझ्याकडे सगळे सूर आयते आहेत. तरी लोकांना ह्याचंच कौतुक.

वाकवणं जमतं आता. थरथर जमत नाही. मान हलवली की वाकलेला सूर निसटून सरळ होतो.

२० डिसेंबर
पाचवी पत्ती दुरुस्त झाली. टोकाशी दोनदा कानस फिरवली, सूर जागेवर. चहा निवायच्या आत झालं.

बाजा गल्ल्याच्या खणात ठेवला.

२३ डिसेंबर
कमळू येऊन गेला. त्याला सांगितलं की पत्ती मुंबईहून मागवावी लागेल, वेळ लागेल. "बरं," म्हणाला. जाताना चवळीच्या शेंगांची जुडी ठेवून गेला. घरच्या मळ्यातल्या.

स्नेहलने भाजी केली. चांगली झाली होती.

३० डिसेंबर
आज सांगणारच होतो त्याला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

५ जानेवारी १९९८
मामा म्हणाले, "कमळ्याचा बाजा काय होत नाय दिसतं. अन्या, तूच उभा रहा." असं म्हणाले, जसं घरात दुसरी भाजी नाही म्हणून पिठलं कर म्हणावं.

तरी चालेल. मीच उभा राहणार!

स्नेहलला सांगितलं. ती म्हणाली, "आन कमळूभावजी?" पहिला प्रश्न हाच!

१२ जानेवारी
वाजवलं. जत्रा नुसती फुललेली! मी माइकसमोर एकटा. आठ गाणी. पुढची पोरं नाचून नाचून धुळीने माखली. शिट्ट्या पडल्या. मामांनी पाठीवर थाप मारली. स्नेहल बायकांत बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या. मी बघितल्या.

घोंगड्यांच्या दुकानाशी कमळू उभा होता. शेवटचं गाणं संपेपर्यंत जागचा हलला नाही. मी त्याच्याकडे बघून वाजवलं. मुद्दाम. घे म्हटलं, बघ!

१३ जानेवारी
सकाळी दुकान उघडतो तर कमळू पायरीवर. काल घरी गेलाच नव्हता, जत्रेत झोपला होता. म्हणाला, "अनिलदा, तीन वर्सांनी तुझं वाजवनं पोटभर ऐकलं. पार्टीत असलो की माझंच टेन्शन असतं." मग सांगत बसला — टोकावड्याच्या एका हळदीत त्याने मला पहिल्यांदा ऐकलं. पुढे हातात बाजा आला, तेव्हा माझीच गाणी वाजवायला बसला. "पन माझ्या बाजात खाली तुझे दोन सूर नव्हतेच रे. रानात गुरं वळताना ओढत बसायचो. वाकवता वाकवता गावले. आन तुझा आवाज कसा थरथरतो! माझा सपाट. म्हनून मान हलवाया लागलो." मग हसला. "कॅसेट तर मागून आली. त्या कॅसेटवाल्यालाबी कोनी अनिलदा भेटला असल!"

मी गल्ल्याला टेकून उभा होतो. खणाला पाठ लावून.

जाता जाता त्याने विचारलं, "पत्ती आली का रे?"

"नाय अजून," म्हणालो.