रेक्झिन आणि मृगाजिन

अण्णा,

एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून निकाल देईल असा अधिकारी माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा सुचत नाही. माझ्या गाडीच्या नव्या सीटा आवाज करतात. बसलं की करतात, उठलं की करतात, वळणावर माणूस जरासा सरकला तरी करतात. हा ध्वनी ओष्ठ्य म्हणावा की कंठ्य, यावर मी पुष्कळ विचार केला. वर्णमालेत त्याची सोय झालेली नाही, एवढंच म्हणता येईल. परवा आमच्या प्राचार्यांना घरी सोडायला निघालो होतो, तेव्हा तो झाला आणि त्यांनी न बोलता काच खाली केली. मी म्हणालो, “सीट आहे, सर.” असं म्हणणाऱ्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरातलं वाहन म्हणजे तुमची सायकल. तिचं सीट चामड्याचं होतं हे मला आता आठवतं आणि हसू येतं, कारण चामड्याला आपल्या नांदेडच्या घरात बंदी होती. शाळेतून आलात की घड्याळ आणि कमरेचा पट्टा तुम्ही ओट्यावरच्या कोनाड्यात काढून ठेवायचात, आणि मग आई तुम्हाला स्वयंपाकघरात पाणी द्यायची. मी मॅट्रिक झालो तेव्हा तुम्ही मला चामडी पट्ट्याचं घड्याळ दिलंत. पहिल्याच दिवशी आईनं तेही कोनाड्यात पाठवलं. मी जेवताना मधेच उठून किती वाजले ते बघून येत होतो आणि तुम्ही ताटावरून नजर न उचलता म्हणालात, “काळ कुणासाठी थांबत नाही, पण वरण थंड होतं.” सायकलीचं काय, असं मी एकदा विचारलंच होतं. तुम्ही सांगितलंत, वाहनाला दोष नाही. कोणत्या ग्रंथात ते सांगितलंय हे मला अजून सापडलेलं नाही. मीही आता तुमच्यासारखं संस्कृतच शिकवतो, लातूरला, जेमतेम एक बाक भरेल इतक्या पोरांना. शोधायला वेळ भरपूर असतो.

सीटा बदलायचं कारण सांगतो. आई इतकी वर्षं नांदेडला ताईकडे होती. दर महिन्याला मी तिला लातूरच्या डॉक्टरांना दाखवायला आणायचो. तिचं विसरणं वाढत चाललं होतं. गॅस, किल्ल्या, मग वार, मग माणसं. मागच्या फेरीत अहमदपूरच्या अलीकडे ती एकदम गप्प झाली. आरशात पाहिलं तर पदराच्या टोकानं सीट पुसत होती. कापडी सीट, सगळं आत मुरलेलं. मला म्हणाली, “पाणी सांडलं रे माझ्या हातून.” तिच्या हातात बाटली नव्हती, गाडीतच नव्हती. मी म्हणालो, “सांडलं तर सांडलं, ऊन आहे, वाळेल.” चाकूरपर्यंत ती पुसतच होती. त्यानंतर ताईचे गुडघे गेले, तिला स्वतःलाच उठायला आधार लागू लागला, आणि आईला कायमचं माझ्याकडे आणायचं ठरलं.

लातूरच्या सीटवाल्याच्या दुकानात गेलो. माणूस बोलका. त्याच्या आजोबांपासून गादीकामाचा धंदा, टांग्यांच्या गाद्या शिवायचे म्हणे. त्यानं खऱ्या चामड्याचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला, आणि अण्णा, मी तिथं उभा असूनही तिथं नव्हतो. पहाट आहे. तुमचं मृगाजिन देवघरासमोर अंथरलंय, तुम्ही आंघोळीला गेलात. मी हळूच त्यावर गाल टेकवतो. कापूर, धूर आणि कुठल्यातरी जनावराचा जुना, कोरडा वास. तुम्ही दारात उभे. “ते आसन आहे, सतरंजी नव्हे. ऊठ.” आवाज चढलेला नाही, तरी मी आणि दाराआडून बघणारी आई, दोघंही एकदम सरळ होतो. तुमचा आवाज तसाच होता. त्याला चढावं लागत नसे.

“सर, असली लेदर म्हंजे जावई असतो,” दुकानदार सांगत होता. “मान ठेवावा लागतो. तेल पायजे, सावली पायजे. आपल्या उन्हात ठिवली गाडी की तडकलाच रुसून. अन् हे रेक्झिन, आता आर्ट लेदर म्हणतेत याला, हा घरचा माणूस हाय. फडकं मारा, झालं. घरात लेकरू हाय का बारकं? सांडलवंड करणारं?”

“आहे,” मी म्हणालो.

“केवढं?”

“ऐंशीच्या पुढचं.”

खरं चामडं त्यानं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, “मग हेच घ्या. अब्बांच्या टायमाला मी बी पलंगाला हेच लावलो होतो.”

माझी बायको, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, तिलाही हेच पटलं. तिनं आणखी एक फायदा काढला, की आईला चामड्यावर बसावं लागणार नाही. सोवळंही सांभाळलं जाईल आणि सीटही. आम्ही दोघं आपल्या शहाणपणावर बेहद्द खूष होतो. दुकानदारही खूष. गाडी ताब्यात देताना त्यानं आतून कसलासा फवारा मारला. म्हणाला, “आपल्याकडून भेट, सर. आता असली लेदरचा वास येऊन राहिला बघा.”

रविवारी सकाळी नांदेडला पोचलो. ताईनं पिशव्या बांधून ठेवल्या होत्या, वाटेत खायला अर्धापुरी केळी. त्या दिवशी आईनं मला ओळखलं होतं. “वाळलास की रे,” म्हणाली. गाडीचं दार उघडलं, तिनं आत हात घालून सीटवर बोटं फिरवली, वास घेतला आणि हात मागे ओढला.

“चामडं आहे.”

“नाही आई. रेक्झिन आहे. प्लास्टिकच समज.”

“मला येडी समजून राहिलास का? वास येतोय की.”

फवाऱ्याची हकीकत सांगितली. खोट्या चामड्याला खऱ्याचा वास मुद्दाम कशाला मारतील, असं तिनं विचारलं. ताईनं घोंगडी आणून अंथरली. आईनं ती उचलली, नीट घडी घातली आणि ताईच्या हातात परत दिली. “खाली काय आहे ते मला ठाऊक आहे.” मी म्हणालो, अण्णा सायकलवर बसायचे, तिचं सीट चामड्याचंच होतं, आणि वाहनाला दोष नाही असं ते स्वतः सांगायचे. तिनं मला खालून वर न्याहाळलं. “ते बसायचे. मी कुठं सायकलवर बसत होते?”

मग मला फार हुशारी सुचली. मी म्हणालो, “आई, हे मृगाजिन आहे असं समज. मृगाजिन शुद्ध असतं ना?”

तिचा चेहरा बदलला. तिनं सीटकडे पाहून हात जोडले आणि दोन पावलं मागे सरकली. “मग तर त्यांचं आसन झालं. त्यावर मी बसू होय रे?”

हा पराभव अगदी शास्त्रशुद्ध होता. ऊन चढायला लागलं होतं. ताई ओट्यावर गुडघे धरून बसली आणि म्हणाली, “आई, बस गं, पाया पडते तुझ्या. मला न्हाई होत आता.” शेजारच्या बायका फाटकाशी आल्या. आई भिंतीला पाठ लावून उभी, पिशवी छातीशी धरून, आणि एकीकडे रडत असलेली. तिला रडताना पाहून मला कीव यायला हवी होती. मला राग आला. मी म्हणालो, “चला. उशीर होतोय.”

एवढंच. आवाज चढवला नव्हता. पण तो माझा आवाज नव्हता, अण्णा. मला स्वतःलाच तो ऐकून मान वळवावीशी वाटली. आईनं पदर डोक्यावरून घेतला, डोळे पुसले, खाली बघत म्हणाली, “आले हो.” आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. ताईनं सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला. लोहा मागे पडल्यावर मागून हळूच आवाज आला, “अहो, तुम्ही गाडी कधी शिकलात?”

मी म्हणालो, “नुकतीच.”

तेव्हापासून ती माझ्या घरी तुमच्याबरोबर राहते. मी जेवल्याशिवाय जेवत नाही. कॉलेजात उशीर झाला की उपाशी बसून असते. मी खोलीत आलो की खुर्चीवरून उठते, आणि आपली आई आपल्यासाठी उठून उभी राहिलेली बघणं कसं असतं हे तुम्हाला समजणार नाही. बायकोला ती स्वयंपाकाची बाई समजते. “हाताला चव आहे हो तिच्या, सोडू नका,” असं तिनं मला कानात सांगितलं. बायको म्हणाली, “चला, एवढ्या वर्षांनी पसंत पडले.” मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, तिची चूक दुरुस्त करू नका, ती शांत आहे ना, मग राहू द्या. शांत आहे, हे खरं.

संध्याकाळी चहा घेताना ती माझी चौकशी करते. म्हणजे मुलाची. “अहो, तो येत नाही की. सुट्टी नाही का लागली त्याला?” मी म्हणतो, येईल. “तुम्ही बोलला असाल काहीतरी. लेकराला किती बोलता. तुमच्या धाकानं येत नाही तो.” मी गप्प बसतो, तर तिला आणखी धीर येतो. “गणितात कमी पडले म्हणून काय झालं? जीव लावतो तो तुम्हाला. दाखवत नाही, एवढंच.” माझ्या माघारी ती तुमच्यापाशी माझ्यासाठी इतकं भांडत होती हे मला कधीच कळलं नव्हतं. आता रोज समोर बसून ऐकतो. आणि तुमच्या वतीनं, अण्णा, मी रोज तिला शब्द देतो की यापुढं त्याला बोलणार नाही.

गेल्या काही दिवसांत विचारणं कमी झालंय. परवा तिनं दिवसभरात विचारलंच नाही. चहा झाला, दिवे लागले, ती खिडकीबाहेर बघत बसलेली. शेवटी मीच म्हणालो, “मुलाचा फोन आला होता.”

तिनं माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, “कुणाच्या?”

हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की फाडायचं आहे. सीटांचं मी उगीच लांबवलं. आवाज करतात तर करोत. ती मला तुम्ही समजते, त्याचीही सवय झाली आहे. तुमच्या जागी बसून तिच्या तोंडून का होईना, मी तिचा मुलगा होतो. पण परवापासून मला भीती वाटते आहे. उद्या चहाच्या वेळी ती विचारेल की नाही, एवढीच. दुसरी कसलीही नाही.