सगळ्यात वरचा पर्याय

दि. १४ जून, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा आता जिना चढू देतो. तूही बरा असशील असं धरून लिहितो. फोनवर मी मुद्द्यावर येईपर्यंत तू तीनदा 'बोल रे' म्हणतोस आणि मग मला काहीच सुचत नाही, म्हणून कागद घेतला. कच्चं लिहून झालंय, हे पक्कं.

तू चार वर्षं एकट्याने खपून बनवलेला गेम मी पूर्ण खेळलो. दोनदा. बाबांना एवढंच माहीत आहे की तू 'कॉम्प्युटरवर काहीतरी करतोस'. वर 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलंय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

काय जमलंय, काय फसलंय ते भीड न ठेवता सांग, असं तू म्हणाला होतास. आधी फसलेलं, कारण ते सोपं.

मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत. तुझा नायक घड्याळं दुरुस्त करत दारोदार फिरतो, माणसं त्याच्याजवळ मन मोकळं करतात, आणि मध्येच त्याने लांडग्यांवर तलवार का उपसावी? लांडगे काढ. अक्षरं फार बारीक आहेत; दिवसभर भिंगातून औषधांच्या खोक्यांवरची छपाई तपासणारा मी, मलाही डोळे चोळावे लागले. दुसऱ्या प्रकरणात खेळ बंद करून परत उघडला की नावाडीण गायब होते. आणि तुझे पुरुष पलंगावर फारच छान बोलतात. कुणी अडखळत नाही, कुणाच्या पायात गोळा येत नाही, कुणाला हसू फुटत नाही. खरं तसं नसतं. (हे वाक्य कच्च्यात खोडलं होतं. आता ठेवतो.)

पहिलं पान भरलं, आणि ज्यासाठी बसलो ते अजून लिहिलेलं नाही.

महिनाअखेर गेम काढून घेणार, असं तू त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर जाहीर केलंस. तिथे एका अभिप्रायातलं वाक्य उतरवलंस : 'यात शरीरं आहेत, माणूस कुठेच नाही.' खाली लिहिलंस, हे खरं असेल तर माझी चार वर्षं फुकट गेली.

दादा, ते वाक्य माझं आहे. टोपणनाव घेऊन मी लिहिलं.

कामावर आम्ही वरून खाली तपासत येतो. तसाच खेळलो. कुठेही चार पर्याय आले की सगळ्यात वरचा. तो प्रत्येक वेळी घाईचा असतो, हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. 'जवळ ओढ.' 'दिवा मालव.' 'निघून जा.' दोन दिवसांत खेळ संपला, शेवटी नायक एकटा उरला आणि मी भडकलो. तो राग तुझ्यावर नव्हता. लग्नाला सात महिने झाले होते आणि आमच्या खोलीतही तसंच चाललं होतं. याहून जास्त लिहवत नाही.

गेम काढण्याची तुझी सूचना वाचून घाबरलो आणि पुन्हा खेळायला बसलो. पुन्हा वरूनच. ही मागे येऊन भाजी निवडत बसली.

"कुणी बनवलंय हे?"

"दादाने."

"मोठ्या भाऊजींनी? अगंबाई! आणि तुम्ही हे काय करताय, पोस्टात शिक्के मारल्यासारखं?"

"वरून घेतोय."

"का पण?"

"वरूनच घेतात."

"अहो, खालचं वाचा तरी!"

सगळ्यात खाली होतं : 'तिला विचार, दिवा राहू दे का?' तो घेतला. बावन्न वर्षांची ती नावाडीण म्हणाली, 'राहू दे. मला कुणी नीट बघून किती वर्षं झाली.'

हिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला कधी काही विचारलंच नाहीत."

"आता विचारू?"

"विचारा की. मी काय लांडगा आहे?"

त्या दिवसापासून आम्ही बोलतो. हसतोही बरंच. तुझ्या गेममध्ये काय जमलंय, ते हे. तुझी माणसं विचारण्याची वाट बघत बसलेली असतात. विचारलं की सगळं सांगतात. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणाला विचारावं हेही कळत नव्हतं.

आठवीत माझी शाळा सुटली तेव्हा तू रोज एक पान वाचायला आणि एक लिहायला लावायचास. त्यावर मला ही नोकरी मिळाली. त्याच शिकवणीने मी तुझ्यावर ते वाक्य लिहिलं. तेही आडून.

ते पुसलेलं नाही. पुसलं तर पुन्हा लपल्यासारखं होईल. त्याखाली काल दुसरं लिहिलं : हा माणूस गेम नीट खेळला नव्हता, आणि तो बनवणाऱ्याचा सख्खा भाऊ आहे.

रागाव. हवं तर दोन महिने बोलू नकोस. पण गेम काढू नकोस. आत्ताही कुणीतरी एकामागून एक वरचाच पर्याय दाबत असेल आणि त्याच्या मागे येऊन बसायला कुणी नसेल. जमलं तर एवढं कर : पहिल्या घरापुरता, एकदाच, विचारण्याचा पर्याय सगळ्यात वर ठेव.

आम्हा दोघांकडून मनापासून आभार.

ते वाक्य लिहिणारा,
तुझाच धाकटा भाऊ