घुंगरू माझ्याकडेच येणार

२४ ऑगस्ट, सकाळी
ठरलं. यंदा ससाणी पकडायची, माणसाळवायची आणि तिच्याकडून लावऱ्या मारून घ्यायच्या. ही वही त्यासाठीच घेतली आहे. मोठ्या कामाच्या नोंदी हव्यात.

कारण असं. काल जेवणानंतर सासरेबुवांनी, म्हणजे शाकिरबाबांनी, जाहीर केलं की आता आपल्याला ससाणी दिसत नाही, नुसती ऐकू येते. तेव्हा घुंगरू कोणाला तरी देऊन टाकायचं. चांदीचं आहे. चाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक ससाणीच्या पायात होतं. ती मक्यात उतरो की काट्यांत, आवाजावरून सापडायची. अट एकच. मोसम संपून ससाण्या सोडून द्यायच्या दिवसापर्यंत जो कोणी त्यांच्या हातात ताजी लावरी ठेवील, घुंगरू त्याचं. शिवाय त्याला ते 'उस्ताद' म्हणणार. सगळ्या अर्हावी गावात त्यांनी आजवर तिघांनाच उस्ताद म्हटलंय. मला बावीस वर्षं 'जावई' म्हणतात. म्हणण्याची तऱ्हा मला आवडत नाही.

स्पर्धेत दोघंच, मी आणि मेहुणा जेलाल. जेलालकडे कुत्रा आहे, अनुभव आहे, चढ चढायचा दम आहे. माझ्याकडे पद्धत आहे. घुंगरू माझ्याकडेच येणार. लिहून ठेवतो.

बायको म्हणाली, आधी मळ्यातल्या चहाची तिसरी तोडणी. म्हटलं, बघू.

२६ ऑगस्ट
कामाचा क्रम: किड्याच्या आमिषावर खाटीक पक्षी धरायचा, खाटकावर ससाणी, ससाणीवर लावरी. म्हणजे सुरुवात किड्यापासून. माती खोदणारा किडा लागतो आणि तो राहतो जमिनीखाली. सकाळभर खणलं. कंबर कामातून गेली. या भागातून किडा नामशेष झाला असावा.

संध्याकाळी नाझिमेने (बायको) कोबीला माती लावताना दोन मिनिटांत तीन काढले. त्यांना तिची सवय आहे.

२९ ऑगस्ट
खाटीक मिळाला! स्वभावाने तापट. दोनदा चावला, तोही उजव्या अंगठ्याला. नाझिमेने विचारलं, चहा तोडायची कात्री धरता येईल का? म्हटलं, छे, बिलकूल नाही. चहाखान्यात पत्ते डाव्या हाताने खेळलो. जमतं.

३ सप्टेंबर, दुपारी
विजय! पहाटेच कड्यावर फांद्यांच्या आडोशात बसलो. समोर जाळं, काठीवर खाटीक. इथे खरा कस लागतो, कारण माणसाची चाहूल लागली की पाखरू गेलंच. मी दोन तास इतका निश्चल बसलो की माझा मलाच पत्ता नव्हता. जाग आली, म्हणजे लक्ष गेलं, तेव्हा जाळ्यात ससाणी फडफडत होती. मादी, अंगाने भरलेली. खाटीक माझ्या टोपीवर बसला होता. त्याला सोडून दिलं.

जेलालने विचारलं, खाली रस्त्यापर्यंत घोरणं ऐकू येत होतं ते कोणाचं? समुद्राचं असेल.

नाव ठेवलं शिमशेक. वीज! शिकारीचा परवाना आधीच काढून ठेवलाय. त्यावरचा माझा फोटो छान आलाय.

५ सप्टेंबर
माणसाळवणं. ससाणी सतत मुठीवर घेऊन माणसांत, गोंगाटात बसायचं, तिची भीती मोडेपर्यंत. त्याला इल्यासच्या चहाखान्यासारखी दुसरी जागा नाही. टीव्ही, चमच्यांची किणकिण, टेबलावर आपटलेले पत्ते. रोज आठ तास बसायचं ठरवलं आहे. त्याग करावा लागतो.

नाझिमे म्हणाली, गेल्या वर्षी ससाणी नव्हती तेव्हा कशासाठी बसत होतास? मी ससाणी मुठीवर घेतली आणि निघालो.

९ सप्टेंबर
प्रगती जोरात. शिमशेक आता कशालाच दचकत नाही. काल इल्यासच्या हातून थाळा पडला, अकरा ग्लास फुटले, हिने डोळासुद्धा उघडला नाही. जो येतो तो तिला मांसाचा तुकडा देतो. ससाणी भुकेली ठेवावी असं म्हणतात, पण पाहुणचाराला नाही कसं म्हणणार?

शाकिरबाबांनी तिची छाती चाचपली आणि म्हणाले, जावई, ही ससाणी आहे की उशी? पिसं मऊ आहेत असं त्यांना म्हणायचं असणार.

१३ सप्टेंबर
दुःखद बातमी. जेलालची ससाणी उडाली ती सरहद्द ओलांडून थेट जॉर्जियात गेली, पासपोर्ट न दाखवता. बिचारा रडायच्या बेतात होता. आता दुसरी धरायला वेळ नाही. मी पूर्ण एक ग्लास चहा संपेपर्यंत त्याचं सांत्वन केलं.

म्हणजे स्पर्धेत मी एकटाच! आता हरायला काही विशेष प्रयत्न करावे लागतील.

नाझिमे म्हणाली, पानं जून व्हायला लागलीत, मी एकटीने सुरू करतेय. तिचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे.

१७ सप्टेंबर
पहिली फेक. काल पाऊस झाला. अशा पावसात समुद्रावरून आलेल्या लावऱ्या थकून मक्यात उतरतात. जेलालने उदार मनाने कुत्रा दिला, शिवाय स्वतः आला. कुत्र्याने लावरी उठवली. मी शिमशेकला तळहातात धरून, शास्त्राप्रमाणे, भाल्यासारखी फेकली. काय सुटली! सरळ, खाली, विजेसारखी! लावरी डावीकडे गेली. शिमशेक उतारावरून, रस्त्यावरून, मशिदीच्या मागून दिसेनाशी झाली.

इल्यासचा फोन आला. टीव्हीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर बसली आहे म्हणाला.

वाऱ्यामुळे.

१८ सप्टेंबर
वारा.

१९ सप्टेंबर
आज वारा नव्हता. त्यामुळेच गोंधळली.

२२ सप्टेंबर
कारण सापडलं. तिला डोंगरातली शांतता सोसत नाही. म्हणून रेडिओ मक्यात नेला. जेलालला फळीवर पत्ते आपटायला लावले, मी ग्लासात चमचा ढवळत राहिलो. जेलालचा कुत्रा घरी निघून गेला. लावऱ्याही. शिमशेक मात्र खूश दिसली. मान वळवून वळवून बघत होती, बहुधा इल्यास कुठे आहे म्हणून. नंतर तिकडेच गेली.

जेलाल म्हणाला, भावजी, आपण कोणाला सांगायचं नाही. मी कबूल झालो. संध्याकाळपर्यंत चहाखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

३० सप्टेंबर
फेकून फेकून खांदा धरलाय. उद्या नक्की जाणार होतो, पण उद्या पत्त्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी आहे आणि शिमशेकला ती चुकवायला आवडणार नाही.

शाकिरबाबा रोज विचारतात, लावरी? मी म्हणतो, येतेय.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
जे घडलं ते शांतपणे लिहितो.

नाझिमे चहाचा शेवटचा पट्टा तोडत होती. एकटी. कात्री चालवता चालवता झुडपातून लावरी उठली आणि कात्रीला बांधलेल्या कापडी पिशवीतच शिरली. हिने पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. लावरी जिवंत, धडधाकट, एक पीस तुटलेलं नाही. घरी येऊन तिने ती सरळ बापाच्या ओंजळीत ठेवली.

मी लगेच मुद्दा मांडला. मळा माझ्या नावावर आहे. माझी ससाणी त्या वेळी तिथून जेमतेम तीनशे पावलांवर होती (चहाखान्यात), तेव्हा लावरी तिला घाबरूनच उठली असणार.

शाकिरबाबांनी विचारलं, कात्री कोणाच्या हातात होती?

त्यांनी लावरी बोटांनी हळूहळू चाचपली. मग म्हणाले, नाझिमे उस्ताद. त्यांचा आवाज फुटला होता. नाझिमे लालेलाल झाली. बावीस वर्षांत तिला लाजताना मी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. तिचे हात पानांच्या चिकाने कोपरापर्यंत काळे झाले होते. ते मला आजच दिसले.

मग तिने लावरी सोडून दिली! म्हणाली, एवढा समुद्र ओलांडून आलीय, अजून पुढे जायचंय तिला. मी लोणी वितळवून ठेवलं होतं. मक्याच्या भाकरीबरोबर नुसतंच खाल्लं.

१० ऑक्टोबर
ससाण्या सोडायचा दिवस. समुद्राकाठी शिमशेकच्या पायातली वादी कापली आणि छोटंसं भाषण केलं: जा, तू रानाची, माझी नाहीस वगैरे. डोळे भरून आले. ती उडाली, पाण्यावर एक गिरकी घेतली आणि चहाखान्यात गेली.

मी पोचलो तेव्हा माझ्या खुर्चीत बसली होती. इल्यास म्हणाला, दार उघडं आहे, मनात येईल तेव्हा जाईल, तोवर राहू दे. निदान ती पत्त्यांत चोरी करत नाही. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून मी लवकर घरी आलो.

१२ ऑक्टोबर
शिमशेक काल दुपारी गेली, दक्षिणेकडे. खुर्ची मोकळी झाली. सकाळी कोट चढवला, मागच्या दाराने हळूच निघालो, तर छुण्ण! थांबलो. पाऊल टाकलं. छुण्ण! नाझिमेने कोटाच्या पाठीला, माझा हात पोचणार नाही अशा जागी, घुंगरू शिवलं आहे. पक्क्या दोऱ्याने.

हेझलनटच्या झाडापर्यंतच पोचलो होतो. वरून तिने हाक मारली, रेम्झी, मागे फिर, मक्याची कणसं सोलायची आहेत. मी फिरलो.

व्हरांड्यात शाकिरबाबांनी आवाज ऐकून मान वर केली. विचारलं, ही कोणाची ससाणी?

नाझिमे म्हणाली, माझी.

म्हातारा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. तेही मीच आणलं, वाजत वाजत.

तरी नोंद असावी म्हणून लिहितो. २४ ऑगस्टचं पान काढून पाहिलं. घुंगरू माझ्याकडेच येणार असं मी तेव्हाच लिहिलं होतं.