जोडीच्या नर्सची खाट

मुळशी. गुरुवार, संध्याकाळ.

आज पुण्यात उत्कृष्ट परिचारिका म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. आरोग्य खात्याचे साहेब माइकवर म्हणाले, "या बाई रात्रंदिवस एकट्यानं वॉर्ड सांभाळतात, कधी तक्रार नाही."

तक्रार नाही? जोडीला नर्स द्या म्हणून किती वेळा सांगितलं! तिच्यासाठी माझ्या खोलीत दुसरी खाटसुद्धा टाकून ठेवलीय. तिथंच बोलायला हवं होतं. मी काय केलं? वाकून नमस्कार केला.

परतल्यावर आमच्या दवाखान्यातल्या आया हौसाबाईंनी ओवाळलं. मग म्हणाल्या, "बाई, आता दुसरी कशाला धाडत्यात? तुमचं एकटीचं भागतंय की."

खरंय त्यांचं.

नारळ फोडला नाही. एकटीनं किती खाणार? शाल त्या खाटेवरच्या गुंडाळलेल्या गादीवर पसरली. कुणी निजल्यासारखं वाटतंय. हाक मात्र मारली नाही.